हजरच्या डोंगरात, सगळे घर मिळून



नोव्हेंबर लागला की आखातातल्या आपल्या घरांच्या खिडक्या उघडतात. उन्हाळ्यात ज्या उन्हाने बाल्कनीत कपडे वाळत घालणेही नकोसे केलेले असते, तेच ऊन आता अंगाला बरे वाटू लागते. रत्नागिरी-रायगडकडची आई-वडील मंडळी याच दिवसांत व्हिजिट व्हिसावर मुलाकडे जातात. मग पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो. मुलगा कामावर, नातवंडे शाळेत, सून स्वयंपाकघरात आणि दादा-दादी आठव्या मजल्यावर टीव्हीसमोर. सुट्टीच्या दिवशी एखादा मॉल, एखादा किनारा, फार तर वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवायची ती सफारी, जिच्यात म्हाताऱ्या माणसाचे कंबरडे मोडते. गावी परतल्यावर कोणी विचारले, ओमान कसा आहे हो? तर सांगण्याजोगे सुपरमार्केटच तेवढे असते.

म्हणून या वेळी ओमानच्या डोंगरातल्या पायवाटांबद्दल. सकाळी निघायचे, दोन-तीन तास चालायचे, मगरिबला घरी. तंबू नको, दोर नको, गिर्यारोहणाचे शिक्षण नको.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. ओमानच्या उत्तर भागातले वाळवंट मात्र दगडाचे आहे. मुसंदमच्या टोकापासून सूरच्या पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जी डोंगररांग पसरली आहे तिचे नाव अल हजर. हजर म्हणजे पत्थर; हजरे अस्वदमधला तोच हजर. या रांगेत काही ठिकाणी काळपट-तपकिरी, भाजल्यासारखा दिसणारा खडक आहे. भूशास्त्रज्ञ जगभरातून तो पाहायला येतात, कारण तो मुळात समुद्राच्या तळाचा खडक आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर ढकलला गेलेला. इतर ठिकाणी चुनखडी आहे आणि तिच्यात शिंपल्यांचे ठसे सापडतात. मुलांना शंख शोधायला लावा, चढ कधी संपला ते कळणार नाही. (ठसा पाहायचा, फोटो काढायचा. दगड खिशात घालून आणायचा नाही.)

ठिकाणांकडे वळण्याआधी मनातली एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्याकडची सहल कशी असते? पुरुष आणि मोठी मुले वर चढून जातात. बायका, मुली आणि म्हातारी माणसे गाडीजवळ चटई अंथरून बसतात, कोळसे पेटवतात, मसाला लावलेल्या कोंबडीवर लक्ष ठेवतात. वर गेलेले दोन तासांनी परत येऊन म्हणतात, काय नजारा होता! आणि ज्यांनी पहाटे उठून सगळा डबा बांधला त्यांच्या वाट्याला पार्किंगचा नजारा. आम्हाला हे पटत नाही. खाली दिलेल्या बहुतेक वाटा अशा निवडल्या आहेत की ज्याला जेवढे जमेल तेवढे चालता यावे. घरातल्या बाईने चालायचे असेल तर जेवण साधे ठेवावे लागेल. बिर्याणीची देगची एक शुक्रवार घरी राहिली तर काही बिघडत नाही.

मस्कतमध्येच राहत असाल तर सुरुवात शहरातूनच करा. रियाम बागेत टेकडीवर भला मोठा पांढरा धूपदान उभा आहे. त्या बागेच्या समोरच्या बाजूने एक जुनी वाट डोंगरात शिरते आणि मागच्या अंगाने मुत्रहला उतरते. सुमारे अडीच किलोमीटर अंतर, रमतगमत दोन तास. किनाऱ्याचा रस्ता होण्याआधी लोक या वाटेने ये-जा करत. सुरुवातीला दगडी पायऱ्यांचा चढ आहे आणि तो दम काढतो. पण वर पोहोचल्यावर एका बाजूला समुद्र आणि बंदर दिसते. मधे मोडक्या घरांची वस्ती आहे, पाऊस झालेला असेल तर पाण्याची डबकीही. उतरलात की मुत्रहचा बाजार जवळच. खडकांवर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांची खूण रंगवलेली असते. ओमानच्या पर्यटन खात्याने आखलेल्या सगळ्या वाटांवर हीच खूण आहे. मुलांना सांगा, खूण शोधणारा पुढे. पाच-दहा मिनिटे खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचे, अंदाजाने पुढे जायचे नाही.

पण आम्हाला विचाराल तर सगळ्या घरासाठी एकच जागा सांगू: मिस्फात अल अब्रियीन. निझ्वाच्या पुढे अल हमरा, आणि अल हमराच्या वर डोंगराच्या कुशीत सुमारे १००० मीटर उंचीवर हे गाव. दगडमातीची घरे थेट कातळावर बांधलेली, घरांखालून बोळ, आणि बोळ संपला की खाली उतरत गेलेली खजुरीची शेते. चारी बाजूंना उघडा डोंगर आणि मधे ही हिरवी सावली. केळी आहेत, लिंबे आहेत, डाळिंबे आहेत. कोकणातल्या माणसाला इथे क्षणभर आपल्या वाडीत आल्यासारखे वाटेल.

ही हिरवळ फलजमुळे. फलज म्हणजे पाण्याचा पाट. डोंगरातल्या झऱ्याचे किंवा भूगर्भातले पाणी नुसत्या उताराने, पंपाशिवाय, गावापर्यंत आणायचे. ओमानमधल्या अशा पाच फलजांची नोंद २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात केली. जमिनीखालून येणाऱ्या फलजांना दाऊदी म्हणतात. लोककथा अशी की हजरत सुलेमान बिन दाऊद अलैहिस्सलाम इथून जात असता त्यांनी जिन्नांकडून हे पाट खणून घेतले. इतिहास वेगळा असेल, पण मुलांना सांगायला कथा चांगली आहे. आणि हे काही आपल्याला परके नाही. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर याच जातीची; पाणचक्की पाहिलेल्या माणसाला दाऊदी फलज समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. फलज गावात शिरतो तिथे पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. मग मशीद, मग आंघोळीच्या जागा, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी, आणि त्यानंतर शेते. शेताला पाणी वेळेवर मोजून मिळते. एक 'अथर' म्हणजे साधारण अर्धा तास. घड्याळे नव्हती तेव्हा दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर हा हिशेब चाले. कोणाची पाळी किती अथरांची, हे वडिलोपार्जित हक्काने ठरलेले असते आणि ती विकता किंवा भाड्यानेही देता येते. नळाखाली बादली भरून वाहत ठेवणाऱ्या आपल्या मुलांनी ही जागा जरूर पाहावी.

मिस्फातमध्ये चालायचे ते पाटाच्या कडेने. वाट अरुंद आहे, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेत, म्हणून लहान मुलाचा हात सोडू नका. गावातल्या पायऱ्या उंच-सखल आहेत. गुडघे दुखणाऱ्या दादीने काठी घ्यावी आणि पहिल्या सावलीपर्यंत जाऊन बसावे. तेवढ्यातही तिला गाव दिसते. पुढे पाटाचा माग धरून डोंगराकडे जाणारी वाट आहे, ती हवी तिथून परत फिरता येते. लोक अजून तिथे राहतात, हे लक्षात ठेवा. दारात उभे राहून आत डोकावणे, बायकांचे फोटो काढणे, पाटात साबण लावणे, लटकलेला खजूर तोडणे हे सगळे टाळायचे. आपल्या गावी बाहेरून आलेल्याने असे केले तर आपण काय म्हणू?

शुक्रवारी जात असाल तर वाटेत निझ्वा आहे. किल्ल्याजवळ जुम्याच्या सकाळी गुराढोरांचा बाजार भरतो. खरेदी करणारे गोल करून बसतात आणि विकणारे बकरे घेऊन त्या गोलात फिरत भाव पुकारतात. सकाळी लवकर पोहोचाल तर दिसेल, उशिरा गेलात तर संपलेला असतो. बकरी ईदला दात बघून जनावर घेणाऱ्या आपल्या बुजुर्गांना इथून हलवणे कठीण जाते, हा आमचा अनुभव. तो वेळ हिशेबात धरूनच निघा.

जबल अखदरचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. सुमारे २००० मीटर उंचीचे पठार, मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीला गुलाब फुलतात आणि गावात गुलाबपाणी काढतात. अल ऐन, अल अक्र, अश शरीजा या कड्याला चिकटलेल्या गावांमधून शेतांच्या बांधांवरून चालता येते. मात्र वर जायला फोर-व्हील गाडीच लागते. पायथ्याच्या चौकीवर पोलीस साधी मोटार परत पाठवतात.

जबल शम्सची गोष्ट वेगळी. उंची ३००० मीटरच्या आसपास, ओमानचा सर्वांत उंच डोंगर. त्याच्या कुशीत सुमारे १००० मीटर खोल दरी आहे. कड्याच्या पोटातून एक वाट अल खितैम वस्तीपासून एका सोडून दिलेल्या गावापर्यंत जाते, जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. वाट बरीचशी सपाट आहे, म्हणून लोक तिला सोपी म्हणतात. सोपी आहे, पण एका बाजूला कठडा नाही आणि दरी आहे. आमचे मत स्पष्ट सांगतो: आठ वर्षांखालचे मूल या वाटेवर नेऊ नये, आणि मोठी मुलेही कड्याच्या बाजूने नव्हे, भिंतीच्या बाजूने चालवावीत. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी सुरुवातीच्या भागातूनच दरी पाहावी. शेवटी पोहोचणाऱ्याला कातळाच्या छपराखाली बांधलेली घरे आणि उतारावर कोरलेली शेते दिसतात. हिवाळ्यात इथे रात्री पाणी गोठते, सकाळीही बोचरी थंडी असते. आखातात राहून स्वेटर विसरलेल्यांनी तो शोधून ठेवावा. वाटेवरच्या शेळ्या पिशवीतला डबा ओढून काढण्यात तरबेज असतात.

आता पाण्याच्या जागा. मस्कतहून सूरच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर तिवी गावाजवळ वादी शाब आहे. महामार्गाच्या पुलाखाली गाडी लावायची, थोडे पैसे देऊन छोट्या होडीने पलीकडे जायचे आणि पाऊण-एक तास चालायचे. निळ्या-हिरव्या पाण्याचे डोह आहेत. शेवटच्या टप्प्यात पोहत जाऊन खडकाच्या फटीतून एका गुहेत शिरता येते, आत धबधबा पडतो. ते काम पट्टीच्या पोहणाऱ्यांचे. मुलांसह कुटुंबाने पहिल्या डोहांपाशी थांबावे. छोटे मासे पायांना गुदगुल्या करतात, तेवढ्यावरही मुलांचा दिवस निघतो. वादी बनी खालिद मस्कतपासून सुमारे २०० किलोमीटर लांब, पण आजी-आजोबांसाठी अधिक सोयीची. गाडीतळापासून डोहापर्यंत पाटाच्या कडेने बांधीव वाट आहे. दुबई-शारजावाल्यांना याच रांगेतले हत्ता जवळ पडते, दुबईहून सुमारे १३० किलोमीटर. तिथल्या वाटा हिरव्या, निळ्या, लाल आणि काळ्या अशा रंगांनी सोप्या ते अवघड लावलेल्या आहेत. घरातल्या सगळ्यांनी हिरवीवरून सुरुवात करावी.

वादी हा शब्द वर पुन्हा पुन्हा आला. तिच्याबद्दल जे सांगायचे आहे ते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे समजा. वादी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र. चिपळूण-महाडच्या माणसांना पूर म्हणजे काय हे सांगायला नको. पण आपला पूर आणि वादीचा पूर यांत फरक आहे. आपल्याकडे पाऊस दिवस-दिवस कोसळतो, नदी फुगताना दिसते, निदान आभाळ तरी सांगते. हजरच्या डोंगरावर माती नाही, झाडी नाही. पडलेला प्रत्येक थेंब खडकावरून थेट खाली पळतो. पाऊस वीस-तीस किलोमीटर मागे डोंगरात पडत असतो, तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असते, आणि काही मिनिटांत कोरड्या पात्रातून गाड्या वाहून नेणारे पाणी येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये ओमानमध्ये अशाच पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे बळी गेले.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा हवामान बघायचे, आपल्या ठिकाणाचेच नव्हे, मागच्या डोंगराचेही. पावसाचा इशारा असेल तर वादीचा बेत रद्द. पाहुणे परत जाणार आहेत, होडीवाल्याला फोन केला आहे, मुले रडत आहेत, यातले काहीही कारण नव्हे. आत असताना स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत येऊ लागली, वरून ट्रक आल्यासारखा घुमणारा आवाज आला, तर चपला, डबा, मोबाईल काही न उचलता बाजूच्या उंच जागेवर चढायचे. वादीतून खालच्या दिशेने पळायचे नाही, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येते. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. समोरचा पिकअपवाला गेला म्हणून आपण जायचे नाही. दोन्ही देशांत तो गुन्हा आहे. अमिरातीत २०२३ पासून यासाठी २००० दिरहम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे.

दुसरा धोका उन्हाचा. नोव्हेंबर ते मार्च सोडून या वाटांवर मुलांना नेऊच नये. हिवाळ्यातही मोठ्या माणसामागे तासाला अर्धा लिटर पाणी धरा आणि वर एक-दोन बाटल्या जास्तीच्या. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाजा. घामाबरोबर मीठ जाते, तेव्हा ओआरएसची पाकिटे असू द्या. बडबड करणारे मूल एकाएकी गप्प झाले, चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले, तर तिथेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, मान-काखेला ओला रुमाल लावा, आणि बरे वाटले तरी पुढे न जाता परत फिरा. असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर मदत बोलवायची: ओमानमध्ये ९९९९, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. दऱ्यांत फोनला रेंज नसते, म्हणून कुठे जातो आणि कधी परतू हे शेजाऱ्याला सांगून निघावे.

कपड्यांबद्दल बहिणी नेहमी विचारतात. लांब घेराचा अबाया खडकात अडकतो आणि पाण्यात भिजला की जड होऊन खाली ओढतो. सैल सुती कुर्ता, त्याखाली सलवार किंवा ट्रॅक पँट, पिन न लावता बसणारा सुती हिजाब, यात पडदाही राहतो आणि पायही मोकळा. पोहायचेच असेल तर बुर्किनी मिळतात. चप्पल-सँडल कोणीही नको. तळवा घट्ट धरणारे आणि आधी वापरलेले बूट हवेत. नवे कोरे बूट घालून डोंगरात गेलेल्याचे हाल दुसऱ्या दिवशी विचारावेत.

नमाजची अडचण येत नाही. मस्कतच्या बाजूला किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला आहे, आणि गावोगावी मशिदी आहेत. पिण्याचे पाणी मोजके असेल तर तयम्मुमची सवलत आहे. शाफई घरांत सफरमध्ये दोन नमाजा जम्अ करतात, हनफी घरांत करत नाहीत, तेव्हा आपापल्या इमामसाहेबांना आधी विचारून घ्या. आम्ही अजानला घड्याळासारखे वापरतो: फजर पढून निघायचे, आणि असरची वेळ होईल तेव्हा कुठेही असू, पाय परतीच्या वाटेवर असले पाहिजेत. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दरीत त्याही आधी अंधार पडतो.

डब्याला चपातीत गुंडाळलेले अंडे किंवा शामी कबाब, खजूर, गूळ-शेंगदाणे, संत्री. संत्र्याच्या सालींसकट सगळा कचरा पिशवीत घालून परत आणायचा. त्या कोरड्या हवेत साल लवकर कुजत नाही.

वाटेवर एक काटेरी झाड पुष्कळ दिसेल, त्याला तिकडे सिद्र म्हणतात. आपल्या बोरीचीच बहीण. मय्यतीच्या गुसलला ज्याची पाने पाण्यात घालतात ते झाड बहुतेक मुलांनी कधी पाहिलेले नसते. हिवाळ्याच्या अखेरीस त्याला छोटी पिवळी बोरे येतात. दादा-दादी बरोबर असतील तर ती ओळखायचे काम त्यांच्याकडे द्या. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, सलालाच्या पावसाळ्याबद्दल.